दस्तगीरचा पांढरा रस्सा

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, सकाळी सहा. यात्रेचा दुसरा दिवस, खाऱ्या म्हणजे मटणाच्या नैवेद्याचा. ठिकाण: देवळामागचं पटांगण.

हजर: मी, सर्जेराव, निवृत्त हवालदार, गावजेवणाचा प्रमुख. माझी बायको मंगल, मसाला तिच्याकडे. चुलतभाऊ बापू, जळण आणि पाणी. तरुण मंडळाचा अध्यक्ष विकास आणि त्याची दहा-बारा पोरं, वाढपी. बाहेरगावाहून आणलेला एक कापणारा. बकरी सहा.

गैरहजर: इमामचाचा मुलाणी. खरं तर हा शब्द चुकीचा आहे. गैरहजर तो असतो, ज्याला बोलावलेलं असतं.

आमचं गाव गडहिंग्लजच्या खाली, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आहे. आमच्याकडे यात्रेला बकरं पडतं तेव्हा सुरी मुलाण्याच्या हातची असते. देवी आमची, बकरं आमचं, जेवणारे आम्ही. पण बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची ती मुलाण्यानं. माझ्या आज्याच्या वेळी हे काम इमामचाचांचे वडील करायचे. गावात मुलाण्याचं घर एकच. त्यांचा मान ठरलेला, मटणाचा वाटा ठरलेला. असं का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्या घरातला मुलगा दस्तगीर. मला स्वयंपाक त्यानं शिकवला.

मी तेव्हा फौजेत नायक होतो. बटालियन उत्तरेला होती, उंचीवर, बर्फात. गस्तीवर घसरून माझा गुडघा दुखावला. डॉक्टरसाहेबांनी लाइट ड्यूटी लिहून दिली. सुभेदारसाहेब म्हणाले, "लंगर में जाओ. आलू छीलो." मी सेक्शन सांभाळायची स्वप्नं बघणारा माणूस. घरी फोन केला तेव्हा सांगितलं, "सध्या स्टोअरला हाय."

लंगरात कुक होता दस्तगीर. वयानं माझ्यापेक्षा बराच लहान. माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला. मला लंगडत येताना बघून तो पळी हातात घेऊनच बाहेर आला.

"सर्जाण्णा, आलास व्हय? मला वाटलं, ह्यो गडी दुश्मनाला पळवूनच दम घेतोय."

"गप. काय करायचं ते सांग."

"कांदा चीर. आन् रडायचं न्हाय. जवान लोक बघत्यात."

त्याआधी मी घरात चहासुद्धा केला नव्हता. आधी अव्वा, म्हणजे आई होती, नंतर मंगल होती. मला सगळं मोजून लागायचं, तिथंही मी तसंच सुरू केलं. पहिल्याच दिवशी विचारलं, "एवढ्या माणसांना मीठ किती?"

"चाखून बघ."

"चाखून नको. किलोत सांग."

"अण्णा, तुझ्या जिभेला काटा न्हाय व्हय?"

तो हिवाळा मी त्याच्या हाताखाली काढला. पहाटे चारला स्टोव्ह पेटवायचा. बर्फ वितळवून पाणी करायचं. त्या उंचीवर उघड्या भांड्यात डाळ शिजत नाही, त्यामुळे सगळं कुकरमध्ये. रॉकेलचा वास हाताला, आणि हाताचा कणकेला. कणीक मळताना दस्तगीर हात तीन वेळा साबणानं धुवायचा आणि मलाही धुवायला लावायचा. मी त्याच्याहून वरच्या रँकचा होतो, पण लंगरात त्याचा हुकूम चालायचा.

मी तीन पदार्थ त्याच्याकडून नीट शिकलो. तेच आजही मला सगळ्यात आवडतात.

पहिला खर्डा. हिरव्या मिरच्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायच्या, लसूण आणि मीठ घालून तांब्याच्या बुडानं तिथंच रगडायच्या. दुसरा आक्खा मसूर. मसूर फुटता कामा नये आणि कच्चाही राहता कामा नये. कांदा-लसूण मसाला घरून पार्सलनं यायचा, माझ्या घरचा आणि त्याच्या घरचा. तो दोन्ही मिसळायचा. म्हणायचा, "तुझ्यात तिखट जास्ती, आमच्यात वास जास्ती."

तिसरा पांढरा रस्सा. तो रोज व्हायचा नाही. आम्हाला एरवी हवाबंद डब्यातलं मटण मिळायचं. दस्तगीर ते सगळ्यांना वाढायचा आणि स्वतः डाळ घेऊन बसायचा. मी एकदा कारण विचारलं.

"डब्यावर कुणी कापलंय ते लिवलेलं नसतंय," तो म्हणाला. विषय तिथंच संपला.

कधीतरी खालून जिवंत बकरी यायची. तेव्हा सुरी दस्तगीरच धरायचा. त्या दिवशी तो आमच्या पंगतीला बसायचा आणि त्याच दिवशी पांढरा रस्सा व्हायचा. आलं-लसूण लावून मटण शिजवायचं, हळद अजिबात नाही. वरचं पाणी, म्हणजे अळणी, काढून घ्यायचं. ओला नारळ तिथं कुठला? सुकं खोबरं गरम पाण्यात भिजवून, खसखस, तीळ आणि काजूबरोबर वाटायचं. ते दुधासारखं वाटण अळणीत घातलं की आच बारीक करायची आणि पळी थांबवायची नाही. मी पहिल्यांदा केला तेव्हा उकळी येऊ दिली आणि रस्सा फाटला. दस्तगीरनं हंड्यात डोकावून बघितलं आणि आरोळी ठोकली, "या रं, आण्णानं पनीर केलंय!" महिनाभर सगळी कंपनी मला पनीरसाहेब म्हणायची.

गुडघा बरा झाला. मी सेक्शनला परतलो. पुढच्या हिवाळ्यात माझ्याकडे वरची एक चौकी होती. माझ्यासह आठ माणसं.

जानेवारीत बर्फ सुरू झालं ते थांबेना. स्टोअरचा तंबू गाडला गेला. रॉकेल त्याच्याखाली. स्टोव्ह बंद. चौथ्या दिवशी वायरलेस सेटवर विचारणा झाली.

"पोस्ट थ्री, राशन क्या बचा है? ओव्हर."

"बिस्किट, चॉकलेट, ड्राय फ्रूट. तेल नहीं है. ओव्हर."

"मौसम खुलते ही पार्टी भेजेंगे. हौसला रखो. ओव्हर."

मग एकदम दुसरा आवाज आला. "सर्जाण्णा, मसूर आणू का भात?"

मागून ऑपरेटर ओरडला, "लांगरी, सेट छोड!"

मी म्हणालो, "दोन्ही. आउट."

दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. रॉकेल आणि राशन घेऊन चौघांची पार्टी निघाली. कुकनं त्यात येण्याची गरज नव्हती. दस्तगीर कंपनी कमांडरसाहेबांना विचारून आला. पाठीवर हॉट केस, त्याला दोन कांबळी गुंडाळलेली. अकराच्या सुमारास पार्टी चौकीवर पोचली. आक्खा मसूर आणि भात. वाफ निघत होती. आम्ही आठजण जेवलो. तो उभा राहून बघत होता.

"मीठ?" त्यानं विचारलं.

"बरोबर."

"काट्यावर मोजलंय," तो म्हणाला.

रिकामी हॉट केस त्यानं परत पाठीवर बांधली. साडेबाराला पार्टी खाली निघाली. मी दोरी तपासली. दस्तगीर सगळ्यात मागं होता. ते वळणापर्यंत गेले आणि वरचा उतार सुटला. मोठा आवाजही झाला नाही. पुढचे तिघे कमरेपर्यंत गाडले गेले, त्यांना आम्ही काढलं. मागची दोरी तुटलेली होती.

"पोस्ट थ्री, रिपोर्ट. ओव्हर."

"तीन सेफ. एक मिसिंग. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"कुक."

अंधार पडेपर्यंत खणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला. हॉट केस पाठीवर तशीच होती.

पेटीबरोबर मीच गावी आलो. सगळं गाव रस्त्यावर होतं. घोषणा झाल्या, फुलं पडली. इमामचाचांनी मला एकच प्रश्न विचारला.

"तुमी पोटभर जेवला व्हता?"

"व्हय, चाचा."

त्यांनी मान हलवली.

चौकात दस्तगीरच्या नावाचा फलक आहे. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला तरुण मंडळाची पोरं तो धुऊन हार घालतात. मी निवृत्त होऊन आलो तेव्हापासून यात्रेचं जेवण माझ्याकडे आहे. पांढरा रस्सा मी त्याच्या पद्धतीनं करतो. गावात त्याला दस्तगीरचा रस्साच म्हणतात. पहिली किटली दरवर्षी इमामचाचांच्या घरी जाते. नंतर पंगत बसते.

यंदा यात्रेच्या आधी देवळाच्या मंडपात बैठक झाली. वर्गणी, मांडव, कुस्त्या असे विषय झाले. मग विकास उठला.

"यंदा मुलाण्याला बोलवायचं न्हाय. आपला मानूस आणू."

एक म्हातारा म्हणाला, "का रं? इमामनं काय केलंय?"

"केलं न्हाय काय. पर आजूबाजूच्या गावांत बंद झालंय. आपुनच मागं का?"

"आरं, तुझ्या बारशाचं बकरं त्यानंच कापलंय."

लोक हसले. विकासही हसला. पण खाली बसला नाही. मग कुणीतरी म्हणालं, "मेजर, तुमचं काय मत?" आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी विकासला नको म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. तेवढा मान मला गावात आहे, आणि तो कशामुळे आहे हेही मला माहीत आहे. पण रात्र झाली होती, वाद नको होता, बैठक आटपावी असं वाटलं. मी म्हणालो, "तुम्ही ठरवा. मला फक्त बकरी किती ते सांगा."

झालं. ठरलं. उठताना विकास म्हणाला, "चाचांस्नी तुमी सांगा, मेजर. तुमचं त्यांचं जमतंय." मी बरं म्हटलं. आणि सांगितलं नाही. खसखस, काजू, पत्रावळी, जळण, सगळी कामं वेळेत केली. हे एकच उद्यावर ढकलत राहिलो.

म्हणून त्या मंगळवारी साडेसहाला इमामचाचा नेहमीसारखे आले. धुतलेला पायजमा, डोक्यावर टोपी, फडक्यात गुंडाळलेली सुरी. तोवर सहाही बकरी टांगून झाली होती. पोरांच्या माना खाली गेल्या. विकास मोबाईल बघू लागला.

चाचांनी एकवार सगळीकडे बघितलं.

"आवरलं व्हय रं?"

मी चुलीत एक लाकूड सरकवलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "माझा बी हात आता थरथरतोय."

फडक्यावरचा त्यांचा हात स्थिर होता. ते वळले आणि गेले. मी चुलीपाशी उभा होतो. दहा पावलं गेलो असतो तरी त्यांना गाठलं असतं. गेलो नाही.

दुपारी रस्सा तयार झाला. चांगला झाला होता, कुठं फाटला नव्हता. मी सवयीनं पहिली किटली भरली. यंदा पोराकडे दिली नाही, स्वतः घेऊन गेलो. वाटलं, एवढं तरी करावं.

चाचांच्या घरी जैनबचाचींनी भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. दोन ताटं मांडलेली. त्यांनी किटली घेतली, तेवढ्यात चाचांनी आतून विचारलं, "सर्जेराव, कापलं कुणी?"

मी बाहेरच्या माणसाचं नाव सांगितलं.

"मग ह्ये आमाला चालत न्हाय, बाबा."

टिनचं मटण असेल तेव्हा डाळ खाणाऱ्या माणसाशेजारी मी जेवलो होतो. मला हे ठाऊक होतं. तरी त्या उंबऱ्यावर उभा राहीपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं, की त्यांच्या मुलाच्या नावाचा रस्सा आम्ही असा केलाय की त्याचे आईबाप तो खाऊ शकत नाहीत. चाचींनी भाकऱ्यांवर फडकं टाकलं.

"चाचा, माझं चुकलं. बैठकीत मी बोलायला पाहिजे होतं."

"मग हितं का बोलतोयस? हितं कोन हाय? मी आन् ही. आमी ठरवलं व्हतं काय?" त्यांचा आवाज चढला नाही. "जितं ठरलं तितं बोल की." मग किटली माझ्या हातात दिली. "गार हुईल. पंक्तीत वाढ जा."

परत आलो. बापूनं विचारलं, "चाचांस्नी पोचलं?" मी व्हय म्हणालो आणि किटली हंड्यात ओतली. संध्याकाळपर्यंत गाव जेवलं. येणारा जाणारा म्हणत होता, "मेजर, दस्तगीरचा रस्सा म्हंजे दस्तगीरचा रस्सा." मी जेवलो नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मंगलच्या आलं.

त्यानंतर एक बैठक झाली, पाण्याच्या टाकीची. मी ठरवून गेलो होतो. शेवटी सरपंचांनी विचारलं, "आनि कुनाला काय बोलायचंय?" मी उभा राहिलो. समोर विकास होता, मागं त्याची पोरं. बायकांच्या बाजूनं मंगल बघत होती. मी विचारलं, "पाईप किती इंची घेणार?"

घरी आल्यावर मंगल म्हणाली, "पायपाचं बरं सुचलं." आणि ताट वाढून आत गेली.

शिपाई दस्तगीर इमाम मुलाणी, कुक. सव्विसाव्या वर्षी बर्फात गेला. त्या दिवशी त्यानं आठ माणसांना गरम जेवण पोचवलं. ती आठही माणसं आज जिवंत आहेत. सातजण आपापल्या गावी आहेत, एक त्याच्या गावात राहतो.

पुढची बैठक पाडव्यानंतर आहे. मंडपात उभं राहून बोलायचं काम अजून बाकी आहे.