विकायला काढलेलं घर आणि दोन जावा

थोरली बोलून बसली खरी, पण बोललेलं परत घ्यायची सवय तिला नव्हती. भांडणाचं कारण काय, तर पाण्याचा पंप. वरच्या मजल्यावरची धाकटी जाऊ पंप बंद करायला विसरली, टाकी वाहिली आणि खाली थोरलीची वाळत घातलेली गोधडी भिजली. एवढ्यावरून थोरली म्हणाली, "असंच असेल तर विकून टाकू घर." धाकटी म्हणाली, "टाका की, मी कुठे अडवलंय?" झालं! दोघींच्या नवऱ्यांनी, सख्ख्या भावांनी, जन्मभर राबून बांधलेलं दोन बिऱ्हाडांचं घर दोन वाक्यांत विक्रीला निघालं. ते दोघे भाऊ केव्हाच देवाघरी गेले होते. असते तरी त्यांना कोण विचारणार होतं म्हणा.

घर समुद्रापासून तीन गल्ल्या आत. खाऱ्या वाऱ्याने फाटकाच्या कड्या गंजायच्या, तेवढाच काय तो समुद्राचा शेजार. दलालाने पाटीवर 'समुद्रालगत' असं ठोकून दिलं. दलालच तो, खरं बोलला असता तर त्याच्या पोटावर पाय आला असता.

थोरलीला घर अजिबात सोडायचं नव्हतं. पण तसं म्हटलं की धाकटी म्हणणार, "आलात ना वळणावर?" ते ऐकून घेण्यापेक्षा घर गेलेलं परवडलं! मग बाईंनी अक्कल चालवली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्या मुकादम होत्या. कुठला डाग रक्ताचा, कुठला औषधाचा, हे लांबून सांगायच्या. डाग घालवण्यात हयात गेलेल्या या बाईने स्टूल ओढलं, दुखरे गुडघे सांभाळत ती वर चढली आणि कोऱ्या चहात फडकं बुडवून छतावर गळतीचा असा झकास डाग उठवला, की खऱ्या गळतीने शिकवणीला यावं.

गिऱ्हाईक आलं की ती उसासा टाकून वर बघायची. "वरच्यांचं न्हाणीघर हो. आम्हाला झालीय सवय. तुम्ही तुमचं बघा."

गिऱ्हाईक डाग बघायचं, मग उपचार म्हणून वरचा मजला बघून यायचं आणि फाटकाकडे असं सुटायचं की दलालाला मागे धावावं लागायचं. थोरली समाधानाने दार लावून घ्यायची. पाटी लागून वर्ष होत आलं. दलाल घराची कुंडली बघायच्या गोष्टी करू लागला.

आणि मग तो ठेकेदार आला. थोरलीने नेहमीसारखा उसासा टाकला. त्याने वर बघितलंसुद्धा नाही.

"गळू दे की आजी. मी पाडणारच आहे. मला जमीन हवी."

थोरलीने एकदा डागाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. आता चहा कुठे फासायचा?

वकिलाच्या कचेरीत दोघी शेजारी शेजारी बसल्या. वकिलाने रीतीप्रमाणे विचारलं, "दोघींची खुशी आहे ना?" थोरलीने धाकटीकडे पाहिलं. हिने नुसतं 'राहू दे' म्हटलं तर आपण ताबडतोब उठायचं, वर उपकार केल्यासारखं तोंडही करायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. धाकटीने चष्मा पुसला, परत घातला.

"ताई म्हणतील तसं," धाकटी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा!

"माझं काय," थोरली म्हणाली, "हिची इच्छा असेल तर माझी ना नाही."

असा सोन्यासारखा समजूतदारपणा दोघींना नेमका त्या दिवशी सुचला. सह्या झाल्या. ठेकेदार आणि दलाल आत हात मिळवत राहिले आणि दोघी जिना उतरून फुटपाथवर आल्या. धाकटीला पुढे चालवेना. ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

"काय झालं गं?"

"मला नव्हतं विकायचं, ताई."

थोरली बघतच राहिली. "मग बोलायचं होतंस!"

"तुम्हीच म्हणालात ना विकू या म्हणून. मी आपली येणाऱ्याला वाळवी दाखवत होते. सुताराकडून भुसा आणून चौकटींखाली टाकायचे."

थोरली तिच्या शेजारी पायरीवर टेकली. गुडघे दुखत होते, पण आज त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तिने चहाचं सगळं सांगून टाकलं. धाकटीला रडता रडता हसू आलं, ते तसंच राहिलं.

"एवढं खोटं बोललो गं दोघी," थोरली म्हणाली, "एक खरं बोलायला काय धाड भरली होती आपल्याला?"

 धाकटीने तिचा हात धरला. तेवढ्यात दलाल हसत हसत खाली आला आणि किल्ल्या कधी मिळतील ते विचारू लागला.