आईच्या नावाचा परवाना

माझ्या आईचे हात दोन रंगांचे होते. मनगटापर्यंत सावळे आणि पुढे पांढरे. मी शाळेत असताना नखांच्या कडेने कोड सुरू झालं आणि हळूहळू पंजाभर पसरलं. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, नुसता रंग गेला. पण चाळीतल्या बायकांनी त्याचा असा काही धसका घेतला होता की विचारू नका. हळदीकुंकवाला आईला बोलवायच्या, आणि तिच्याकडून कुंकू लावून घ्यायची वेळ आली की एकेकीला स्टोव्हवर दूध ठेवल्याची आठवण व्हायची. त्यातली एक तर माझ्यासमोरच म्हणाली होती, की हिच्या मुलीचं लग्न जमायचं कठीण आहे. माझं डोकं तेव्हाही लवकर तापायचं, आताही तापतं. आईचं तापत नसे. ज्यांना माझ्या हातचं नको त्यांनी खाऊ नये, इतकंच तिचं म्हणणं.

ज्यांना हवं होतं असे लोक मरोळला भरपूर निघाले. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर आईने तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांना डबे द्यायला सुरुवात केली. चपाती, भाजी, आमटी, भात, आणि बुधवारी-शुक्रवारी बांगड्याचं तिखलं. वडील सायकलवरून डबे पोचवायचे. पुढे एका मोठ्या कारखान्याने अख्ख्या पाळीचं जेवण आमच्याकडून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा घरातली चूल पुरेना. आईने चाळीच्या टोकाला एक गाळा भाड्याने घेतला. आमचं घर, माझं कॉलेज, सगळं त्या गाळ्यातून चालत होतं. दुसरं उत्पन्न नव्हतंच.

मग शेजारच्या एका कारखान्यात उपाहारगृहाचं जेवण खाऊन माणसं आजारी पडली. ते जेवण आमचं नव्हतं, पण आमच्या कारखान्याचा मॅनेजर घाबरला. त्याने वडिलांना बोलावून सांगितलं, की येत्या एक तारखेपासून परवाना असेल तर डबे आणा, नाहीतर आणू नका.

परवान्याच्या ऑफिसचं नाव मी इथे लिहीत नाही. आता कुणाशी भांडण उकरून काढायची हौस उरलेली नाही. तिथून जे जे सांगितलं ते आईने केलं. गाळ्याला पांढऱ्या फरश्या बसवल्या, खिडकीला जाळी मारली, धूर बाहेर जायला धुराडं काढलं, पाण्याच्या पिंपाला घट्ट झाकण आणलं. इन्स्पेक्टर येऊन सगळं बघून गेला. जाता जाता दोन वाट्या सोलकढीही प्यायला, आणि जागा पास झाली. उरला एकच कागद. अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा, त्याला संसर्गजन्य रोग नाही असा, डॉक्टरचा दाखला हवा होता.

वडिलांचा दाखला त्याच आठवड्यात झाला. आईला रोज काहीतरी काम निघायचं. कांदे संपलेत, गहू दळायचेत, आज पाणी कमी आलंय. मी कारण ओळखून होते आणि तिला ओढून न्यायची हिंमत मला होत नव्हती. शेवटी महिना संपत आला तेव्हा तीच एका सकाळी नवी साडी नेसून तयार झाली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि भला होता. त्याने आईला खिडकीपाशी उजेडात बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि तिच्या बोटांवरून कापसाची वात फिरवत कुठे लागतंय ते विचारलं. आईने प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. मग तो म्हणाला, "मावशी, हे नुसतं कोड आहे. याने कुणाला काही होत नाही. खुशाल स्वयंपाक करा." हे वाक्य आईला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मोठ्याने ऐकवलं असावं. ती लहान मुलीसारखी हसली.

डॉक्टरला शुद्ध मराठीचा भारी अभिमान. त्या दिवसांत कामकाज मराठीतून करा अशा पाट्या ऑफिसांतून लागलेल्या असायच्या, आणि हा डॉक्टर ते मनापासून पाळणारा. त्याने वळणदार अक्षरात दाखला लिहिला: 'श्वेतकुष्ठ. असांसर्गिक. अन्न हाताळण्यास हरकत नाही.' शाळेत संस्कृत घेतल्यामुळे श्वेतकुष्ठ म्हणजे कोडच, हे मला कळत होतं. मी कागद घडी न घालता वहीत ठेवला आणि आम्ही थेट ऑफिसात गेलो.

काउंटरवरचा कारकून ओळीवर बोट फिरवत वाचत होता. बोट एका जागी थांबलं. त्याने मान वर करून आईच्या हातांकडे पाहिलं.

"बाई, तुम्हाला कुष्ठरोग आहे, आणि तुम्ही लोकांना जेवायला घालता?"

हॉलमध्ये माणसं खच्चून भरली होती. आमच्या मागे उभा असलेला माणूस आपली फाइल छातीशी धरून मागे सरला, त्याच्या मागचा त्याच्याही मागे, आणि आमच्याभोवती एकदम मोकळी जागा झाली. मी ओरडून सांगितलं, की पुढचा शब्द वाचा, असांसर्गिक लिहिलंय, श्वेतकुष्ठ म्हणजे कोड. कारकून म्हणाला, की कुष्ठ तुमच्या डॉक्टरनेच लिहिलंय, ते काही माझ्या पदरचं नाही. माझा आवाज चढला तसं आईने मला आवरायला माझं मनगट धरलं. मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे तिच्या लक्षात आलं आणि तिने पटकन हात सोडला. स्वतःच्या मुलीला हात लावायची तिला चोरी झाली होती. त्या कारकुनाला तिथेच फाडून खावं असं मला वाटलं.

आवाज ऐकून आतल्या साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. हा माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त घाई होती. त्याने तोडगाच काढून दिला. अर्ज मुलीच्या नावाने करा, ती सज्ञान आहे, तिचा दाखला जोडा, परवाना मिळून जाईल. बाईंनी तेवढा अन्नाला हात लावू नये. हे जमत नसेल तर गाळ्याला कुलूप लावायला माणूस पाठवणं त्याला भाग होतं.

रात्री घरात चांगलंच वाजलं. एक तारीख परवावर आली होती. वडिलांचं म्हणणं साधं होतं, की नाव कुणाचं का असेना, डबे चालू राहिले पाहिजेत. स्वयंपाक तूच कर, इन्स्पेक्टर आला की बाजूला हो आणि पोरीच्या हातात पळी दे. त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. सहा वर्षं ते गिरणीचा भोंगा पुन्हा वाजेल म्हणून वाट बघत बसलेले, त्यांना आता आणखी काही बंद पडलेलं सोसणार नव्हतं.

आई भाकरी थापत होती. थापता थापताच आपल्या मालवणीत म्हणाली, "चूल माजी, हात माजे, मगे नाव दुसऱ्याचा कित्याक?"

वडील उठून बाहेर गेले. मी आईच्या बाजूने होते, पण मला भयंकर भीती वाटत होती. कॉलेज सुटेल याची, गाळ्याला कुलूप लागेल याची, आणि त्याहून जास्त, ती उद्या पुन्हा त्या हॉलमध्ये उभी राहील याची.

सकाळी आम्ही डॉक्टरकडे गेलो. झालेला प्रकार ऐकून तो आधी दुखावलाच. श्वेतकुष्ठ हाच शुद्ध शब्द आहे, असं म्हणून त्याने कपाटातला कोश काढायला घेतला. आईने त्याला थांबवलं.

"डॉक्टर, मला सांगताना तुम्ही कोड म्हणालात. कागदाला वेगळं का सांगितलंत?"

त्याने कोश परत कपाटात ठेवला आणि नवा दाखला लिहायला घेतला. या वेळी सगळा इंग्रजीत, मधोमध ल्यूकोडर्मा. इंग्रजीवर कोणी शंका काढत नाही, असं तो खाली मान घालून पुटपुटला, आणि दोनदा शिक्का मारला.

त्याचं खरं ठरलं. कारकुनाने कागद हातात घेतला नाही, लांबूनच आत न्यायला सांगितलं. साहेबांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मान हलवली आणि सही केली. ल्यूकोडर्मा म्हणजे काय, असं त्या ऑफिसात एकानेही विचारलं नाही. काल मराठीत जो महारोग होता तो आज इंग्रजीत बरा झाला होता.

परवाना तयार होईपर्यंत दुपार झाली. आम्ही बाकावर बसलो होतो आणि आमच्या बाकावर दुसरं कोणी बसत नव्हतं. अखेर कारकुनाने आईचं नाव पुकारलं. परवाना मिळाल्याची सही करायची होती. त्याने रजिस्टर पट्टीने आमच्याकडे ढकललं आणि त्यावर आपलं पेन ठेवलं. आईने एकेक अक्षर नीट जुळवत पूर्ण नाव लिहिलं, परवाना घेतला, आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "पेन तुम्हीच ठेवा."

आईला आधी तो चांगुलपणाच वाटला. नको हो, घरी आहे, असं ती हसून म्हणालीसुद्धा. मग त्याने खुर्ची मागे घेतली, तेव्हा तिला कळलं. मला वाटलं आता ती पेन ठेवून वळेल. पण ती तशीच उभी राहिली, हात पुढे करून. तो रजिस्टरमध्ये बघत राहिला.

"साहेब, हा परवाना तुमच्याच ऑफिसने दिलाय ना?" तिने कारकुनाला विचारलं. आवाज अगदी साधा होता.

त्याने टेबलाचा ड्रॉवर ओढला आणि त्यात टाका, अशी मानेने खूण केली. आईने पेन आत ठेवलं. त्याने ड्रॉवर कोपराने बंद केला.

बाहेर आल्यावर आईने न विचारता रिक्षा केली, असली चैन ती कधी करत नसे. परवाना तिने मांडीवर उपडा धरला होता. उद्या डब्यात वालांची उसळ करू, असं ती रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत म्हणाली. मी हो म्हटलं आणि तिचा हात धरायला गेले, तर तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.