‘रुजला’ हा शब्द मी घातला

माझा आवाज सोलापुरातल्या एका अंधाऱ्या खोलीत अजून रोज बोलतो. मी सांगूनही तो बंद केलेला नाही.

खोली एका दीर्घायुष्य केंद्रातली आहे. म्हातारी माणसं तिथं आरामखुर्चीत रेलतात, डोळ्यांवर चष्म्यासारखं यंत्र चढवतात आणि मिटल्या पापण्यांवर लाल-निळा उजेड लुकलुकत राहतो. त्यानं झोप सुधारते, मेंदू तरतरीत होतो, वय मागं सरतं, असं तिथं सांगतात. आमच्याकडं मार्च लागला की लोक खिडक्यांना ओली पोती बांधून उजेड बाहेर ठेवतात, आणि इथं पैसे देऊन तो आत घेतात! यावर मी पूर्वी हसायची.

मी शाळेत मराठी शिकवते. स्वतःचं बोलायची मला सवय नाही. घरात कितीही वाजलं तरी मी भाकरी थापत गप्प राहते. पण दुसऱ्याचं लिहिलेलं हातात दिलं की माझा गळा मोकळा होतो. सत्कार असो, वर्धापनदिन असो, निवेदनाला मी. केंद्राचा मालक अशाच एका कार्यक्रमात भेटला. “मॅडम, तुमच्या आवाजावर माणूस विश्वास ठेवतो,” म्हणाला. मला ते आवडलं. फार आवडलं.

खोलीत लावायच्या रेकॉर्डिंगसाठी त्यानं आणलेला मजकूर कुठल्याशा परदेशी पत्रकाचं कच्चं भाषांतर होतं. त्यात एक वाक्य होतं : सत्रानंतर काही वेळ डोळे मिटल्यावर प्रकाशाचा भास होऊ शकतो. साधं आणि सावध वाक्य. मला ते कोरडं वाटलं. मी पेन उघडलं आणि लिहिलं, ‘घरी गेल्यावरही डोळे मिटताच प्रकाश चमकला, तर समजा, तो तुमच्यात रुजला.’ ‘काही वेळ’ गेला, ‘भास’ गेला, ‘होऊ शकतो’ही गेलं. मुलांच्या निबंधात असला फुलोरा दिसला की मी लाल रेघ मारते. इथं मालक म्हणाला, “वा!” आणि मी लाजले.

माझी आत्या मोडनिंबला एकटी राहते. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण गुडघे धड आणि जीभ त्याहून धड. भाचीचा आवाज सोलापुरात लागतो हे कळलं, तशी ती एसटीनं केंद्रात यायला लागली. खुर्चीत टेकायच्या आधी शेजारणीला सांगायची, “ही बोलतीया ती माझी भाची बरं का. घरात तोंड उघडत न्हाय, आन् हितं बघा!”

“आत्या, गुण येतो का गं काही?” मी एकदा विचारलं.

“झोप लई ग्वाड लागती. एसी हाय, तू हायस. घरी पत्र्याखाली कोन झोपतंय?”

एका दुपारी तिचा शाळेत फोन आला. माझ्यापुढं तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता.

“अगं, रुजला की माझ्यात!”

“काय रुजलं?”

“उजेड गं. डोळा मिटला तरी डाव्या कडंला चमकतंय, इजेवानी. तू म्हनतीस तसंच. आन् काळ्या माशा बी उडत्यात डोळ्याम्होरं.”

“छान की,” मी म्हणाले.

मी नीट ऐकलं नव्हतं, असं आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. माशांचं मला खटकलं होतं. पण आपलंच वाक्य तिच्या तोंडून ऐकताना इतकं गोड वाटलं, की पुढं विचारावंसं वाटलं नाही.

काही दिवस लोटले आणि एका सकाळी ती दारात उभी राहिली. डाव्या डोळ्यात खालून अंधार वर चढत होता, “सारवत आल्यागत,” ती म्हणाली. मी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं. डोळ्यातला मागचा पडदा सुटला होता. त्या केंद्रातल्या उजेडानं तो सुटला असं त्या म्हणाल्या नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कुणाकुणाला होतं, म्हणाल्या. पण चमकणं आणि काळे ठिपके ही त्याची आधीची खूण. तेव्हाच आला असतात, तर नजर वाचायची बरीच आशा होती.

“एवढं चमकत होतं, तर थांबलात का आजी?”

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, “खेड्यातली मानसं आमी. कळलं न्हाय.”

शहरातली, शिकलेली मी शेजारीच उभी होते. मी तोंड उघडलं नाही. ऑपरेशन झालं, पण नजर परतली नाही. त्या डोळ्याला आता दिवा लागला की विझला, एवढंच कळतं.

मग मी मालकाकडं गेले आणि त्याला सगळं सांगितलं.

“मॅडम, आमच्या लाइटनं झालंय का ते? डॉक्टरच नाही म्हणतायत ना?”

“लाइटनं नाही, वाक्यानं. वाक्यानं उशीर झाला.”

“वाक्य तर तुमचं आहे.”

“माझं आहे ना? मग पुसा.”

“अहो, क्लायंटना तेच तर सगळ्यात आवडतं. आणि हा उपचार नाही, वेलनेस आहे. बाहेर बोर्डावर बारीक अक्षरात लिहिलंय.”

बोर्डावर बारीक अक्षरात! डोळे अधू झालेल्या माणसांसाठी! त्याच्या मागं भिंतीवर त्याचाच फोटो होता, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. उपचार नाही, तर कोट कशाला घालतोस बाबा? पैसे घेताना दवाखाना आणि जाब विचारला की विरंगुळा? माणसं मरणाला भितात, म्हातारपणाला भितात, त्या भीतीपुढं हे दिवे लावून बसलेत. आणि त्या भीतीला अंगाई म्हणायला मी गेले होते.

मी उठले ती सरळ त्या खोलीत शिरले. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. माझा आवाज चालू होता, मऊ, ओळखीचा. ‘प्रकाश चमकला, तर समजा…’

“समजू नका!” मी ओरडले. “डोळे मिटल्यावर काही चमकलं, काळे ठिपके दिसले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. हे वाक्य खोटं आहे. हा आवाज माझा आहे!”

एका आजोबांनी यंत्र न काढताच हात हलवला. “ओ बाई, गप बसा की जरा. ती काय सांगतीया ते ऐकू द्या.”

खुर्च्यांतून हसू आलं. मालकानं मला अदबीनं बाहेर काढलं.

तशीच मोडनिंबची गाडी धरली. आत्या ओसरीत शेंगा फोडत होती, बोटांनीच, न बघता. मी तिला घडलेलं सांगितलं. मग जे सांगायचं राहिलं होतं तेही सांगितलं.

“आत्या, ते वाक्य त्यांनी लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं होतं. ‘रुजला’ हा शब्द मी घातला.”

तिचे हात थांबले.

“मला वाटलं, तू नुसतं वाचलंस.”

“नाही.”

“मग डॉक्टरीनबाईम्होरं का बोलली न्हाईस?”

“लाज वाटली.”

“लाज!” हातातली शेंग तिनं सुपात फेकली. “डोळा माजा गेला, आन् लाज तुला? मी तुजी अब्रू झाकायला खेडवळ झाले, आन् तू झाकून घेतलीस?”

मी सुपातली ती शेंग उचलून फोडली. तिनं विचारलं,

“पुसलं का मग त्यानं?”

“नाही.”

“लोकं अजून तितं बसत्यात?”

“हो.”

“मग उद्या परत जायचं.” तिनं सूप बाजूला सारलं. “मी बी येते. तुजं ऐकत न्हाईत न्हवं? माज्या डोळ्याकडं तरी बघत्याल.”