फ्रीजरमधला खंडोबाचा घोडा

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, किड्यांचे फोटो काढतात. तसे मीही काढतो, पण मोबाइलला चिमट्यानं भिंग लावून. दाजींची लेन्स लांबलचक. तिचं कौतुक चहाच्या आधी ऐकावं लागतं आणि चहानंतर पुन्हा.

मंठ्यात आमच्या घरामागं मोसंबीचं एक झाड आहे. गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्यावर खंडोबाचा घोडा, पुढचे पाय जोडून बसणारा तो हिरवा किडा, मुक्कामाला आला. घोडा म्हणायचं एवढंच, होती मादी. पोट टम्म फुगलेलं. "पोटुशी हाय रे," म्हणत आईनं हात जोडले आणि धुण्याची दोरी त्या फांदीवरून सोडून घेतली. ती अंडी घालताना एक फोटो मिळावा, एवढीच माझी इच्छा होती. रोज सकाळी मी फांदीखाली अवघडून बसायचो.

तेवढ्यात दाजी आले. आमच्याकडे जावयाला कुणी उलटून बोलत नाही. ते खारट भाजीला गोड म्हणाले तरी आई हो म्हणते. घोडी हलते म्हणून साहेब वैतागले. मी आंघोळीला गेल्याचं बघून त्यांनी तिला डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलं आणि निवांत पुरणपोळीवर ताव मारत बसले. त्यांच्याच पाण्यात टाकायला आई बर्फ काढायला गेली आणि डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आणा इकडं, मामी," दाजी आईला म्हणाले. "थंड केलं की बराबर बसतंय. मंग उठतंय आपोआप, काय होत न्हाई."

भर दुपारी या निसर्गप्रेमी माणसानं पिचकारीनं दव पाडलं. तिचे पुढचे पाय बोटानं जुळवून दिले. फोटो काढून निघून गेला. ती उठली नाही. आईनं तिला मोसंबीच्या आळ्यात पुरलं. हा माणूस राग यायच्याही लायकीचा नाही, पण मला आला.

पुढं त्या फोटोला कुठलंसं बक्षीस मिळालं. नाव दिलं होतं 'प्रार्थना'. किती शांत भाव आहेत, असं लोकांनी खाली लिहिलं. मेलेलं शांतच दिसणार!

त्या आनंदात दाजींचा फोन आला. "संक्रांतीला येऊन राह्यलो, मामी. बागेत काय नवीन दिसलं का?"

"या की जावईबापू," आई म्हणाली. "पण आमचा फ्रीज बिघडलाय."

फोन ठेवून तिनं त्याच फ्रीजमधून दूध काढलं आणि चहा टाकला.