कडू घासाच्या दिवसांतला जॅम

भीमाबाईच्या नवऱ्यानं, राधाकृष्णानं, कांद्याचं अर्धं एकर मोडून तिथं स्ट्रॉबेरी लावली, तेव्हा पारनेरच्या डोंगराकडच्या त्या वस्तीवर सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. सर्वांत जास्त चिडले ते त्याचे वडील, मच्छिंद्रआबा. कांदा म्हणजे आबांचं सगळं आयुष्य. त्यांनी पोराशी बोलणंच टाकलं. एका घरात राहून, एका पंगतीला बसून, दोन वर्षं बाप-लेकांत शब्द नव्हता.

राधाकृष्णानं मात्र जिद्द सोडली नाही. महाबळेश्वरहून रोपं आणली, गादीवाफे केले, काळा कागद अंथरला, ठिबक ओढलं. हिवाळ्यात फळ धरलं की सकाळी सकाळी डबे भरून तो सुप्याला हायवेच्या कडेला जाऊन बसायचा. पुण्याच्या गाड्या थांबायच्या. आणि रोज निघण्याआधी वाटीभर निवडक फळं तो धनश्रीच्या, म्हणजे लेकीच्या हाती आबांकडे पाठवायचा. आबा वाटी घ्यायचे आणि पोरीची पाठ वळली की शेळीपुढं ओतायचे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. राधाकृष्णालाही. तरी वाटी कधी चुकली नाही. धनश्री नर्सिंग शिकायला नगरला गेली, तेव्हापासून तो स्वतःच ती आबांच्या उशाशी ठेवायला लागला.

संक्रांत झाली आणि तिसऱ्या वर्षाची फळं ऐन भरात आली. एका सकाळी डबे भरता भरता राधाकृष्ण वाफ्याच्या कडेला बसला. भीमाबाईला वाटलं, दमला असेल. तिनं पाण्याचा तांब्या आणला तोवर त्याच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते. धाकटा भाऊ सहादेव पिकअप घेऊन धावला, पण दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

धनश्री नगरहून आली. राख सावडली. दुखवट्याला माणसं येत राहिली. घरातली चूल बंद होती. सोयरे-धायरे कडू घासाची भाकरी-पिठलं बांधून आणायचे आणि माणसं दोन घास कसेबसे गिळायची. भीमाबाई दाराच्या आत भिंतीला टेकून बसलेली असायची. बाया गळ्यात पडून रडायच्या, तीही रडायची. पण दारातून समोर वाफे दिसत. काळ्या कागदावर फळं लालबुंद होऊन पडली होती आणि साळुंक्यांचे थवे त्यांवर तुटून पडले होते. राधाकृष्ण असता तर डबा वाजवत धावला असता. भावकीला सुतक, त्यामुळे माल तोडायचा नाही, विकायचा नाही, हे कुणी न सांगताच ठरलेलं होतं. आणि हे फळ तर दोन दिवस थांबणारं नाही.

अशात पारनेरहून नीलांबरीबाई आल्या. त्या तिथल्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान पोस्टात होते. बदलीमुळे दोघं बरीच वर्षं पाचगणीला राहिली होती आणि बाई तिथंच जॅम करायला शिकल्या होत्या. आदल्या वर्षी मऊ पडलेल्या फळांचं काय करायचं, हा प्रश्न घेऊन राधाकृष्णच भीमाबाईला त्यांच्याकडे घेऊन गेला होता. तेव्हा पाच-सहा बाटल्या जमल्या होत्या. त्यावरच त्यानं यंदा नगरहून काचेच्या बाटल्यांची पोती आणली होती. साखरही भरून ठेवली होती.

नीलांबरीबाई भीमाबाईजवळ बसल्या. भीमाबाईनं दबक्या आवाजात विचारलं, की बाई, सुतकात जॅम केला तर पाप लागतं का?

बाईंच्या घरात पिढ्यान् पिढ्या भिक्षुकी चालत आलेली. उत्तर त्यांना येत होतं. सुतकात गोड करत नाहीत, एवढंच ते उत्तर. पण त्यांनी दारातून बाहेर बघितलं, साळुंक्या बघितल्या आणि म्हणाल्या, "घरातल्या चुलीवर नको करूस. विहिरीपाशी तीन दगड मांड. आणि चाखायची गरज नाही, पाक झाला की ताटलीवर कळतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच भीमाबाई वाफ्यात उतरली. धनश्री तिच्या मागोमाग गेली. ज्या जागी तो बसला होता तिथं भीमाबाईचे पाय अडखळले. तिथली फळं तिनं आधी तोडली, म्हणजे पुन्हा तिकडं जायला नको. विहिरीपाशी दोघींनी देठ खुडले, फळं धुतली, किडकी वेगळी काढली. नीलांबरीबाई पहिल्या एसटीनं आल्या होत्या. जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं त्यांनी बाजूला सारलं, आंबट फळाला स्टीलच लागतं म्हणाल्या. फळांवर साखर घातली, पाणी सुटेपर्यंत झाकून ठेवली, वरून लिंबं पिळली आणि दगडांवर पातेलं चढवलं.

वास सुटला तशी वस्तीवरची माणसं जमली. बाया पदर तोंडाला लावून लांब उभ्या राहिल्या. सहादेव तरातरा आला. भावाच्या मरणानं तोही मोडला होता आणि रात्रंदिवस आल्यागेल्याचं त्यालाच बघावं लागत होतं.

"वैनी, दादाची राख अजून गार झाली न्हाई," तो म्हणाला. "अन तुमी गोड शिजवताय. लोकं काय म्हनतील?"

भीमाबाईनं उलथनं थांबवलं नाही. थांबलं की खाली लागतं.

"भाऊजी, आमी काय खात न्हाई हे," ती म्हणाली. "त्यांनी पानी देऊन मोठी केलेली फळं हायेत. सडताना माझ्यानं बघवंना."

सहादेव तिथून हटेना. तेवढ्यात माणसं बाजूला झाली. मच्छिंद्रआबा काठी टेकत येत होते. पोरगा गेल्यापासून ते ओट्यावरून उठले नव्हते. म्हातारा आता पातेलं लाथाडतो, असं सगळ्यांनाच वाटलं. धनश्री आईच्या पुढं येऊन उभी राहिली. आबा चुलीपाशी आले, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसले, आणि बाहेर आलेलं लाकूड त्यांनी आत सारलं. मग तिथंच बसून राहिले. जाळ कमी झाला की लाकूड सारायचे, फार झाला की ओढायचे. सहादेव थोडा वेळ बघत राहिला आणि मग विहिरीवरून पाणी शेंदायला गेला.

फेस काढून झाला. नीलांबरीबाईंनी गार ताटलीवर थेंब टाकला, बोटानं सारला. थेंबावर सुरकुती पडली, म्हणजे पाक झाला. उकळलेल्या बाटल्या उन्हात पालथ्या वाळत ठेवल्या होत्या, त्यांत गरम जॅम गळ्यापर्यंत भरला, झाकणं घट्ट आवळली आणि बाटल्या पुन्हा उकळत्या पाण्यात उभ्या केल्या. बाहेर काढल्यावर झाकणं एकेक करून टक् टक् वाजत आत ओढली गेली. बाई म्हणाल्या, हा आवाज आला की बाटली बसली समजायचं. भीमाबाई तिथंच मातीवर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, कुणाच्या गळ्यात न पडता, एकटीच रडली.

उरलेले दिवस हेच चाललं. जेवढं पिके तेवढं शिजे. बाटल्या गोठ्याच्या माळ्यावर ठेवल्या जात. कुणी बोट लावून चाखलं नाही.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. भीमाबाईनं पानात बुंदीशेजारी चमचाभर जॅम वाढायला लावला. पुष्कळांनी तो तसाच ठेवला. राग म्हणून नव्हे, पण मेलेल्या माणसाचं मागं राहिलेलं फळ, सुतकात शिजलेलं, हात धजेना. उष्टी पानं उचलताना तो लाल ठिपका पानापानांवर दिसत होता. भीमाबाईनं ती पानं गोळा केली.

पाहुणे पांगल्यावर आबांनी तिला हाक मारली. भाकरी मागितली, आणि त्यावर ते लाल घाल म्हणाले. तिनं बाटली उघडली. आबांनी तुकडा मोडला, तोंडात धरला, बराच वेळ घोळवला.

"आंबट हाय."

"लिंबू हाय त्यात, आबा."

त्यांनी आणखी एक घास खाल्ला. मग भिंतीकडं बघत म्हणाले, "मला त्यानं कधी दिलंच न्हाई."

भीमाबाईच्या डोळ्यांपुढं उशाशी ठेवलेली वाटी आली. शेळी आली. वाटी रिकामी बघून गालात हसणारा राधाकृष्ण आला. ती म्हणाली, "ऱ्हाऊन गेलं असंल."

आबांनी मान हलवली. त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि ते खात होते.

त्यातल्या काही बाटल्या उन्हाळ्यात बिघडल्या. झाकणं फुगली, आत बुडबुडे आले, आंबूस वास यायला लागला. भीमाबाईनं त्या बांधाकडेला पुरल्या. चांगल्या होत्या त्या सहादेव सुप्याला घेऊन गेला. पुढच्या भाद्रपदात लावणीची वेळ आली तेव्हा आबांनी कांद्याचं नाव काढलं नाही. रोपं लावताना ते बांधावर बसून ओळ वाकडी झाली की ओरडायचे. दोन हंगाम त्यांनी बघितले. तिसऱ्या वर्षी श्रावणात, झोपेतच गेले.

आता हंगामात विहिरीपाशी पत्र्याची शेड असते. पंगतीत पानावरचा जॅम न खाणाऱ्यांतल्या दोघी-तिघी तिथं देठ खुडायला बसतात. धनश्री नगरच्या दवाखान्यात कामाला लागली आहे, सुट्टीला येते तेव्हा बाटल्या उकळायचं काम तिचं. नीलांबरीबाईंचे गुडघे गेले, त्यामुळे यंदा भीमाबाईच पहिली बाटली घेऊन पारनेरला गेली. बाईंनी ती उजेडात धरून बघितली, पाक किंचित पुढं गेलाय म्हणाल्या, आणि चहाबरोबर दोघींनी जॅम पोळीला लावून खाल्ला. मग शेवटची एसटी चुकू नये म्हणून भीमाबाई उठली. सकाळी लवकर तोडायचं होतं.