हिरामणरावांच्या फटफटीची अंघोळ

सिडकोतल्या हिरामणरावांकडे त्यांच्या सासऱ्यांची, एकाहत्तर सालातली फटफटी आहे. ती वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस चालते. दसऱ्याला चालत नाही.

माणूस काही अडाणी नाही हो! अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. रविवारी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून कार्बोरेटर असा खोलतील की बघत राहावं. मेकॅनिकला हात लावू देतील तर शपथ! पण दसऱ्याला गाडीची पूजा, आणि पूजेआधी अंघोळ नको? हिरामणराव पाइप लावून अर्धा तास तिला अशी न्हाऊ घालतात, की बिचारी गुदमरते. मग हार, हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. मग किक. एक नाही, चाळीस. शेवटी "कुणाची तरी नजर लागली," म्हणत रिक्षा बोलवायची.

बायको प्रतिभाताई एकदा म्हणाल्या, "अहो, आत पाणी शिरत असेल." हिरामणराव केवढ्याने हसले! "तू पुरणाकडे बघ," म्हणाले.

यंदा मात्र प्रतिभाताईंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांच्या आई लंकाबाई गावाकडे, गिरणाऱ्याला असतात, वय अठ्ठ्याऐंशी. सहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून त्यांचं एकच मागणं, ती गाडी एकदा दारात येऊ दे. एरवी कधीही नेता आली असती. पण हिरामणरावांचा हेका, सासऱ्यांची गाडी सासऱ्यांच्या दारी न्यायची ती पूजा करून, दसऱ्यालाच. झालं, सहा दसरे गेले. परवा लंकाबाई फोनवर म्हणाल्या, "आता माझं काय खरं नाय, बाई."

प्रतिभाताई पोटभर रडल्या. दसऱ्याच्या सकाळी मात्र लवकर उठल्या, गच्चीवर गेल्या आणि पाण्याच्या टाकीचा कॉक बंद करून आल्या.

"आजच पाणी नाही? सणासुदीला?" हिरामणराव सगळ्या जगावर करवादले. शेवटी नाक मुरडत कोरड्या फडक्याने गाडी पुसली, पूजा उरकली, आणि दुसऱ्याच किकला फटफटी धडधडायला लागली. अख्खी गल्ली दारात आली.

"बघितलंस? परवा इंजिनाचं टायमिंग लावलं ना मी!"

"हो हो, टायमिंगच," म्हणत प्रतिभाताई पदर खोचून मागे बसल्या.

गिरणाऱ्यात आवाज ऐकून लंकाबाई काठी टेकत ओट्यावरून खाली उतरल्या. पेट्रोलच्या टाकीवरून हळूच हात फिरवला. आता आई रडणार, म्हणून प्रतिभाताईंनी बसल्या बसल्या रुमाल काढला.

"उतर," लंकाबाई म्हणाल्या.

"काय गं आई?"

"खाली उतर. चाळीस वर्षं या गाडीची तेलकट फडकी धुतली मी. तुझ्या बापानं सारा गाव मागं बसवला, मला येक दिवस नाय. जावईबापू, हलू नका."

मुलगा सावळीराम "आई, पडशील!" म्हणत धावत आला, आणि शिव्या खाऊन त्यालाच आईला उचलून बसवावं लागलं. लंकाबाईंनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी वेशीकडे निघाली. म्हातारीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

प्रतिभाताई दारात उभ्या राहिल्या. डोळे पुसत होत्या आणि हसू आवरत नव्हतं.

"जावई लय गुणाचा मिळाला हो तुमच्या आईला," शेजारीण म्हणाली.

"हो ना," प्रतिभाताई म्हणाल्या.