बाळंतिणीची खोली

फाटकाची कडी वाजली की काकाजी आतून लगबगीने यायचे आणि आलेल्या माणसाने तोंड उघडायच्या आत ओठांवर बोट ठेवायचे. "हळू. आत बाळंतीण आहे." दूधवाला, गॅसवाला, गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं, सगळ्यांना हीच तंबी. समोरचा हिंदी बोलणारा असला तर, "धीरे, भैया, अंदर जच्चा है." साठी उलटलेला एकटा विधुर, दोरीवर एकाच माणसाचे कपडे, आणि हा म्हणतो आत बाळंतीण आहे! नवखा माणूस दोन पावलं मागे सरायचा. ओळखीचे लोक हसू दाबून हळू बोलायचे. काकाजींची बाळंतीण काचेच्या नळीत राहायची आणि ती मुंगी होती.

अधारतालच्या मोठ्या रस्त्यावरच्या दुकानांमागे त्यांचं घर होतं. खाली ते, वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. मी अमरावतीची, लग्न होऊन नुकतीच जबलपूरला आलेली. नवरा कारखान्यात, या आठवड्यात सकाळपाळी तर पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. दिवसभर मला बोलायला भिंती. काकाजीही तशाच एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. आम्ही सामान चढवत होतो तेव्हा त्यांनी खालूनच विचारलं होतं, "काहून बाप्पा, चहाबिहा घेतला का नाही?" परक्या गावात 'का' ऐवजी आपल्याकडचं 'काहून' ऐकून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या दिवसापासून मी त्यांना काकाजी म्हणू लागले आणि ते मला बेटा.

कोणी काहीही म्हणो, काकाजी म्हणायचे, "बरोबर आहे." भाजीवाल्याने भाव वाढवला, बरोबर आहे. शेजाऱ्याने त्यांच्या भिंतीला टेकून आपल्या विटा रचल्या, बरोबर आहे, त्याला तरी जागा कुठे आहे. मी चिडवायची, "काकाजी, उद्या कोणी येऊन म्हणाला की हे घर माझं, तरी तुम्ही बरोबर आहे म्हणाल."

"येऊ दे ना," ते म्हणायचे. "चहा तं दोघांचा होईल."

त्यांची एकुलती एक मुलगी शुभा पुण्याला दिली होती. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा काकाजी जिना चढून आम्हाला सांगायला आले. एरवी ते वर कधी येत नसत. पहिलं बाळंतपण माहेरी, हे त्यांच्या लेखी सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं उघड होतं. काकू जाऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली असतील. तरी या माणसाने तयारी आरंभली. मागची खोली स्वतः चुन्याने रंगवली. माळ्यावरची बाज काढून तिची नवार ओढून ताठ केली. बाजेखाली ठेवायला मातीची शेगडी आणली, वारा लागू नये म्हणून खिडकीला जाड पडदा शिवून घेतला, डब्यांत ओवा आणि बाळंतशेपा भरून ठेवल्या. मग डिंकाच्या लाडवांचा पाक विचारायला माझ्याकडे आले. मला तरी कुठे ठाऊक! आम्ही दोघांनी मिळून जे काही वळलं, ते फोडायला बत्ता लागला. दुसऱ्या खेपेला मात्र साधले.

शुभाचा फोन आला तेव्हा मी वाटी परत करायला खाली गेले होते. तिकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही, काकाजींचं तेवढं ऐकू आलं. "अच्छा... हो... बरोबर आहे. बरोबर आहे सासूबाईंचं." फोन ठेवून त्यांनी त्यावरचा विणलेला रुमाल सारखा केला. म्हणाले, "घरात बाईमाणूस नाही, बाळंतपण कोण करणार, म्हणतात. तिकडेच करून राहिले." आणि थोड्या वेळाने, "बेटा, लाडू वर घेऊन जा. खा तुम्ही लोक."

नातू पुण्यात झाला. काकाजी बारशाला जाऊन दोन दिवसांत परत आले. कसं झालं विचारलं तर म्हणाले, "छान केलं त्यांनी. मला तं खुर्चीवरून उठू दिलं नाही कोणी." मागच्या खोलीचं दार बंद राहिलं. त्या उन्हाळ्यात ते फार गप्प झाले. दिवाही न लावता ओसरीत बसून असायचे. मी वरून पाहायची.

पावसाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी दिव्यांभोवती पंखवाल्या मुंग्यांचा धुडगूस असतो. माणसं दिवे मालवून मोकळी होतात. अशाच एका संध्याकाळी काकाजींच्या ओसरीत एक चांगली बोराच्या बीएवढी काळी मुंगी भिंतीला अंग घासून आपले पंख पाडत होती. त्यांनी तिच्यावर पेला उपडा घातला. सकाळी फिरायला त्यांच्या सोबत एक निवृत्त प्राध्यापक असत, किड्यामुंग्यांचा अभ्यास केलेले. त्यांनी पाहून सांगितलं, मुंगळ्यांची राणी आहे, हिच्यापासून अख्खं वारूळ होईल. काचेच्या नळीत तळाशी पाणी ठेवा, मग कापसाचा बोळा, मग राणी, मग पुन्हा कापूस. अंधारात ठेवा, धक्का नको, आवाज नको. खायला काही द्यायचं नाही. पंखांसाठी अंगात जे बळ होतं तेच जिरवून ती जगते आणि पहिली पोरं वाढवते. डिवचलं तर घाबरून स्वतःचीच अंडी खाते. जाताना म्हणाले, "कुछ नहीं करना है, भाईसाहब. यही सबसे कठिन काम है."

अंधार, ऊब आणि शांतता असलेली एक खोली घरात तयारच होती.

काकाजींनी नळी बाजेवर, दुलईच्या घडीवर ठेवली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून रेडिओ बंद. खोलीबाहेर खुर्ची टाकून ते बसायचे. शनिवारी फक्त आत जायचे, बॅटरीच्या काचेला लाल जिलेटीन कागद बांधून, कारण लाल उजेड मुंग्यांना दिसत नाही म्हणे. बाहेर येऊन मला बातमी द्यायचे, "अंडी दिलीत. तोंडात धरून बसली आहे माय." पहिल्यांदा मला हसू आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि नाही हसले. फार दिवसांनी या माणसाकडे कोणाला सांगण्यासारखं काहीतरी होतं.

महालक्ष्म्यांच्या आधी त्यांची थोरली बहीण आक्का वर्ध्याहून आली. आक्का म्हणजे आवाजाने छपरावरचे कवेलू हलवणारी बाई. तिलाही ओठांवर बोट. सगळी हकीकत ऐकून ती म्हणाली, "काहून रे, बाळंतिणीला उपाशी ठेवून राहिला तू? आपल्या घरात?"

"तिचं तसंच असते, आक्का."

"असते कसं? बाईची जात आहे ना ती?"

काकाजी म्हणाले, "बरोबर आहे." त्यांच्या तोंडची सवय ती. आक्काने ती परवानगी समजली.

दुसऱ्या दिवशी ते दात दाखवायला ऑटोने नेपियर टाउनला गेले, आणि आक्काने बाळंतपण हाती घेतलं. वर्ध्याहून आणलेल्या डिंकाच्या लाडवाचा एक कण कापूस काढून तुपासकट नळीत सारला. शेगडी पेटवून ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या, आणि दार लावून खोलीला झकास धुरी दिली. सगळं अगदी मनापासून, यथासांग. मी वास आला म्हणून धावत खाली गेले तर ती दाराच्या फटीतून येणारा धूर पदराने आत सारत होती आणि तोंडाने कसलंसं जुनं गाणं चाललं होतं. मी दार उघडलं, खिडकी उघडली. नळीत राणी पाय आकसून पडली होती.

काकाजी परत आले, खोलीत गेले, बाहेर आले. आक्का कोपऱ्यात बसून रडत होती. ते तिच्यासमोर बसले. म्हणाले, "तू तं बाळंतपणच केलं, आक्का. तुझं काय चुकलं?"

त्यावर आक्का उसळली. "बाळंतपण करता येते ना मला? मग शुभीच्या वेळी मला बोलावलं काहून नाही? एक शब्द टाकला असता, तर पायी आली असती मी! घरात बाईमाणूस नाही म्हणे!"

काकाजींनी हातातली नळी जमिनीवर ठेवली. मग म्हणाले, "कोणाला त्रास काहून द्यायचा, असं वाटलं. वाटलं, मीच करीन." मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा माणूस कोणाला नाही म्हणत नाही तसाच कोणाला ये म्हणूनही म्हणत नाही. मला त्यांचा रागच आला. एवढा भला माणूस, आणि स्वतःसाठी एवढा मुका!

पुढच्या पावसाळ्यात दुसरी राणी सापडली. या वेळी खोलीला कुलूप आणि किल्ली जानव्याला. एका शनिवारी ते आतून आले तेव्हा बॅटरी विझवायचंसुद्धा भान नव्हतं. "झाल्या, बेटा! इतक्याशा आहेत. आईचे पाय चाटून राहिल्या." कामकरी मुंग्या सगळ्या माद्या असतात, हे त्यांना प्राध्यापकांनी सांगितलेलं. मुलगी झाली की पेढे नाहीत, जिलबी वाटायची, म्हणून त्यांनी खोव्याची जिलबी आणून सगळ्या गल्लीत वाटली. "सगळ्या मुलीच झाल्या," असं प्रत्येक दारात सांगत होते.

पुण्याला फोन लावला तेव्हा मी जिलबीचं ताट घेऊन तिथेच उभी होते. "शुभा, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत बरं," म्हणाले आणि सगळं सांगितलं. मग तिकडचं ऐकत राहिले. ती म्हणत असावी की एकटे फार राहता, इकडे या. कारण ते म्हणाले, "बरोबर आहे, पण आता नाही निघता येत. घरात बाळंतीण आहे."

शुभा लहानग्याला घेऊन कधीमधी यायची, दोन दिवसांसाठी. आल्याबरोबर काकाजी खोलीचं दार उघडायचे. मुंग्यांना तोवर त्यांनी प्लास्टरचं घर ओतून दिलं होतं, ते लाल जिलेटीन कागदाने झाकून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं होतं. बाज मोकळी, धुतलेली चादर घातलेली. "इथं झोपते का?" ते विचारायचे. शुभा म्हणायची, "नको बाबा, लहान मूल आहे, मुंग्या चावतील." "बरोबर आहे," म्हणून ते पुढच्या खोलीत गाद्या घालायचे. ती गेली की चादर काढून, घडी करून ठेवायचे.

अशी कित्येक वर्षं गेली. आमची दोन मुलं त्यांच्या ओसरीत मोठी झाली, कुजबुजत भांडायला शिकली. मुंगळ्यांची राणी फार जगते. तिच्या लेकी येत-जात राहिल्या, ती होतीच. मग एका हिवाळ्यात काकाजी छातीत कफ भरून अंथरुणाला लागले. मी शुभाला फोन करते म्हटलं तर म्हणाले, "तिच्या मुलाची परीक्षा आहे, कशाला." मी ऐकलं नाही, केला. ती निघाली, पण गाडी पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. शेवटचं ते माझ्याशी बोलले ते एवढंच: "साखरेचं पाणी पातळ दे. आणि हलवू नको तिला."

तेरावं झालं. जावई आणि नातू पुण्याला परतले. शुभा घर आवरायला मागे राहिली. दुपारी मी साखरपाणी घेऊन खाली गेले तर ती मागच्या खोलीत बाजेशी उभी होती, जाड पडदा हातात धरून. ओव्याचा डबा उघडा होता. आत वासही उरला नव्हता.

"हे सगळं कशासाठी होतं, वहिनी? मुंग्यांना बाज कशाला?"

मी सांगितलं. चुना, नवार, बत्त्याने फोडलेले लाडू, सगळं. ती ऐकत खाली बसली.

"मला यायचं होतं हो," ती म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या ते मी फोनवर नुसतं सांगितलं. मला वाटलं, बाबा म्हणतील, काही नाही, तू ये. एकदा म्हणाले असते तर मी भांडून आले असते. ते 'बरोबर आहे' म्हणाले. मला वाटलं, त्यांना झेपत नाही. नको आहे त्यांना." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्याजवळ तरी दुसरं काय होतं?

मी कोनाड्यातल्या वाटीत साखरपाणी घातलं. लाल कागदाखाली राणी आपल्या लेकींच्या गर्दीत स्वस्थ बसली होती. वळून पाहते तर शुभा बाजेवर आडवी झालेली, पाय पोटाशी घेऊन, तोंड भिंतीकडे. चाळिशीला आलेली बाई, केसांत पांढरं दिसू लागलेलं. पाहता पाहता तिला झोप लागली. मी चादरीची घडी मोडून तिच्या अंगावर घातली, पडदा ओढला आणि दार हळूच लोटून घेतलं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. भंगारवाला होता, रिकाम्या होणाऱ्या घराचा वास लागून आलेला. त्याने हाळी द्यायला तोंड उघडलं आणि मी धावत जाऊन ओठांवर बोट ठेवलं.

"धीरे, भैया," मी म्हटलं. "अंदर जच्चा है."